फुग्यातला गॅस आणि बधिर पाय

सुरुवात बहुतेकदा पायाच्या बोटांपासून होते. मुंग्या येतात आणि जातच नाहीत. आठ-पंधरा दिवसांत त्या घोट्यापर्यंत चढतात, मग हाताची बोटंही बधिर वाटू लागतात. त्यानंतर रुग्ण एक गोष्ट सांगतो आणि ती ऐकली की आम्ही हातातली फाईल बाजूला ठेवतो: चालता चालता पायातली चप्पल निसटली आणि कळलंच नाही, मागून येणाऱ्याने हाक मारून सांगितलं. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. रात्री वीज गेली की भिंत धरून चालावं लागतं. वय वीस-पंचवीस, मधुमेह नाही, पडल्याझडल्याचं निमित्त नाही. अशा रुग्णाला एक प्रश्न विचारायलाच हवा आणि नेमका तोच सहसा राहून जातो. फुगा घेतोस का?

फुगा म्हणजे नायट्रस ऑक्साइड, लाफिंग गॅस. केकवाल्यांच्या क्रीमच्या बाटलीत घालायच्या छोट्या लोखंडी नळकांडीतून किंवा मोठ्या सिलिंडरमधून तो फुग्यात भरतात आणि ओढतात. मिनिट-दोन मिनिटं डोकं हलकं होतं आणि संपतं. इतक्या थोड्या वेळाच्या गोष्टीने माणूस तीन महिने वॉकर धरून चालेल यावर कुणाचा विश्वास बसत नाही, रुग्णाचा तर नाहीच. म्हणून दुखणं कसं ओळखतो, काय तपासतो, काय देतो आणि कुठे चुका होतात, ते वॉर्डातल्या रोजच्या कामातून आहे तसं लिहितो आहोत. आमच्यात न्यूरॉलॉजीवाले आहेत तसे फिजिओथेरपीवालेही आहेत.

विचारण्यापासूनच सुरुवात करू, कारण अर्धं निदान तिथेच होतं. ‘ड्रग्ज घेतोस का’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं आणि मुलगा खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी फुगा म्हणजे ड्रग्ज नव्हेतच. म्हणून शब्द त्याचाच वापरायचा आणि आईवडिलांना आधी बाहेर बसवायचं.

‘पार्टीत फुगे मारतोस?’

‘कधीतरी. सगळेच मारतात, डॉक्टर. दाताचे डॉक्टरही देतात ना तो गॅस?’

‘एका रात्री किती होतात?’

‘मोजले नाहीत कधी.’

‘मोठा सिलिंडर असतो का? किती दिवसांत संपतो?’

‘दोघांत एक. शनिवार-रविवार.’

आता हिशेब होतो. छोट्या नळकांडीत 8 ग्रॅम गॅस असतो, म्हणजे साधारण चार लिटर. 640 ग्रॅमचा सिलिंडर म्हणजे अशा 80 नळकांड्या. दोघांत एक म्हटलं तर माणशी 40, दोन दिवसांत. ‘कधीतरी’ या शब्दाखाली हा आकडा दडलेला असतो. केसपेपरवर ‘नायट्रस घेतो’ एवढंच लिहून भागत नाही. एका वेळी किती, आठवड्यातून किती दिवस, किती महिन्यांपासून आणि शेवटचा कधी, या चारही गोष्टी लिहाव्या लागतात. लघवीच्या नेहमीच्या ड्रग टेस्टमध्ये हा गॅस सापडत नाही. तो श्वासावाटे काही मिनिटांत निघून जातो, म्हणून बोलून जे कळेल तेवढाच पुरावा.

दाताच्या डॉक्टरांचा दाखला प्रत्येक जण देतो, तर त्याचंही उत्तर द्यायला हवं. दवाखान्यातल्या मशीनमधून गॅसबरोबर किमान 30 टक्के ऑक्सिजन येतोच, ऑक्सिजन बंद पडला की गॅसही आपोआप बंद होतो. प्रसूतीच्या वेळी देतात त्या मिश्रणात दोन्ही निम्मे-निम्मे असतात. फुग्यात ऑक्सिजन शून्य. फुगा ओढून दम धरला की फुप्फुसांतला उरलासुरला ऑक्सिजनही कमी होतो, आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो तो त्यामुळे. बंद गाडीत, पिशवी किंवा मास्क तोंडावर बांधून घेतला, तर मृत्यू येतो तो याच वाटेने. आणि दुसरा फरक वेळेचा: दाढ काढताना आयुष्यात एकदा अर्धा तास, आणि इथे दर शनिवारी-रविवारी रात्रभर.

थेट नळकांडीला किंवा सिलिंडरला तोंड लावण्याचा धोका वेगळा आहे. हा द्रव उणे 88 अंश सेल्सिअसला उकळतो. ओठ, जीभ, घसा जागच्या जागी गोठतात आणि गॅसच्या गुंगीत दुखणं जाणवत नाही. घशाची सूज काही तासांनी वाढते. आवाज बसला, लाळ गिळता येईना, श्वासाला आवाज येऊ लागला, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करायचा. मांडीत सिलिंडर धरून बसणाऱ्यांच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला भाजल्यासारख्या जखमा होतात. त्यांवर बर्फ लावायचा नाही, चोळायचं नाही, कडकडीत पाणीही नाही. अंगाला कोमट लागेल अशा, 37 ते 39 अंशांच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा. दाबाने फुप्फुस फाटून छातीत हवा साठते तीही अशा थेट ओढण्याने.

पण वॉर्डात आमच्या वाट्याला येतो तो मज्जारज्जूचा आजार, आणि तो समजून घ्यायचा तर बी-12 कडे वळायला हवं.

बी-12 च्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा अणू असतो. नायट्रस ऑक्साइड त्या कोबाल्टचं ऑक्सिडीकरण करतो, म्हणजे लोखंड गंजावं तसं. एकदा गंजलं की ते बी-12 पुन्हा कामाचं राहत नाही, आणि त्याच्यावर चालणारं मेथिओनिन सिंथेज नावाचं एन्झाइमही निकामी होतं. ते नव्याने तयार व्हायला काही दिवस लागतात. या एन्झाइमचं काम होमोसिस्टीनपासून मेथिओनिन बनवण्याचं आहे. मेथिओनिन मिळालं नाही की मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणाची देखभाल थांबते, आणि होमोसिस्टीन रक्तात साचत जातं. आवरण सगळ्यात आधी झिजतं ते मज्जारज्जूच्या मागच्या पट्ट्यांत. पाय कुठे आहे, जमीन मऊ की कडक, याची खबर मेंदूला नेणाऱ्या त्याच पट्ट्या. डोळे मिटल्यावर तोल जातो तो म्हणून.

हे ज्ञान नवीन नाही. 1956 मध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की धनुर्वाताच्या रुग्णांना दिवसचे दिवस हा गॅस दिल्यावर त्यांच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणं थांबलं. 1978 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लेझर यांनी मुंग्या, बधिरपणा आणि अडखळती चाल असलेल्या पंधरा रुग्णांचं वर्णन केलं. त्यांत बहुतेक जण दंतवैद्यच होते, गॅस त्यांच्या हाताशी असे.

इथे गोव्यात एक गैरसमज पक्का आहे. आम्ही मासे खाणारी माणसं, आम्हाला बी-12 ची काय कमतरता? बांगडा, तारली, तिसऱ्या यांत बी-12 भरपूर असतं हे खरं. यकृतात काही मिलिग्रॅमचा साठा असतो आणि मासे खाणाऱ्याचा तो भरलेला असतो. पण शरीरात साठलेल्या बी-12 लाच हा गॅस गंजवतो, त्यामुळे साठा मोठा असेल तर दुखणं थोडं उशिरा येतं इतकंच. जो आधीच काठावर आहे त्याला मात्र थोडक्यात भोवतं. जन्मापासून शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे, पित्तासाठी वर्षानुवर्षं पँटोप्राझोल घेणारे, पोटाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेले, हे सगळे त्यात आले. सुट्टीला चार दिवस येऊन चार रात्री फुगे ओढणाऱ्या शाकाहारी मुलामुलींची आम्हाला म्हणूनच जास्त काळजी वाटते.

तपासणीत आम्ही सगळ्यात आधी हात घालतो तो खिशातल्या ट्यूनिंग फोर्कला. 128 हर्ट्झचा. तळहातावर आपटून त्याचा बुंधा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा. रुग्णाने डोळे मिटलेले. ‘काय वाटतं?’ ‘गार लागतंय.’ ‘थरथर?’ ‘नाही.’ मग घोट्यावर, नडगीवर, गुडघ्यावर, कमरेच्या हाडावर. कुठे पहिल्यांदा ‘हां, आता थरथरतंय’ म्हणतो ती जागा लिहून ठेवायची, कारण पुढचे सहा महिने प्रगती त्याच खुणेवर मोजायची असते. मग अंगठा दोन्ही कडांनी धरून वर-खाली करायचा आणि दिशा विचारायची. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायचं, आणि आपण शेजारी हात पसरून उभं राहायचं, कारण तो खरोखर पडतो. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखं वाटतं का ते विचारायचं. घोट्याचा रिफ्लेक्स गेलेला पण तळव्याला ओरखडा काढला तर अंगठा वर जातो, अशी जोडी सापडली तर मज्जारज्जू आणि नसा दोन्ही दुखावल्यात असं समजतो. लघवी अडकते का, लैंगिक ताठरता कमी झाली का, हे रुग्ण आपणहून सांगत नाही, विचारावंच लागतं.

रक्त काढताना सगळ्यात जास्त घोटाळे होतात. पहिला घोटाळा सुईचा. पायाला मुंग्या म्हटलं की औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन घेऊन माणूस मोकळा होतो. मग इथे बी-12 चा रिपोर्ट येतो मोजणीच्या वरच्या टोकाला, आणि पाहणारा म्हणतो, बी-12 उत्तम आहे, दुसरं काहीतरी बघा. इंजेक्शन घेतलं नसलं तरी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. प्रयोगशाळा रक्तात बी-12 किती आहे ते मोजते, त्यातलं कामाचं किती हे तिला दिसत नाही. या एका नॉर्मल आकड्याने किती निदानं लांबली असतील याचा विचार करवत नाही. म्हणून बी-12 बरोबर होमोसिस्टीन मागवायचंच, आणि जमत असेल तर मिथाइलमॅलोनिक आम्लही, तेही बी-12 काम करेनासं झालं की वाढतं. होमोसिस्टीन लिटरमागे साधारण 15 मायक्रोमोलपर्यंत असावं, या रुग्णांत ते पन्नासच्या, कधी शंभरच्याही पुढे जातं.

दुसरा घोटाळा बर्फाचा. होमोसिस्टीनची जांभळ्या टोपणाची नळी भरल्या भरल्या बर्फात ठेवावी लागते आणि तासाभरात सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. नाहीतर नळीतल्या लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा खोटा चढतो. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या कलेक्शन सेंटरमधून स्कूटरच्या डिकीतून आलेली नळी काय आकडा देईल ते सांगायला नको. थर्मासमध्ये बर्फ, नळीवर वेळ, आणि शक्यतो प्रयोगशाळेच्या इमारतीतच रक्त काढायचं. नमुना पहिल्या इंजेक्शनच्या आधी घ्यायचा, कारण उपचार सुरू झाले की होमोसिस्टीन उतरू लागतं. पण रिपोर्ट येईपर्यंत इंजेक्शन अडवून ठेवायचं नाही. नळी भरली की सुई द्यायची.

सोबत हिमोग्राम, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), एचआयव्ही, थायरॉइड, साखर आणि तांबं. तांब्याच्या कमतरतेतही हुबेहूब असंच चित्र दिसतं. हिमोग्राम अगदी ठीक असला तरी निदान मोडीत निघत नाही, मज्जारज्जू बिघडलेला असताना रक्त धडधाकट असू शकतं.

एमआरआय मानेचा आणि पाठीचा दोन्ही सांगायचा. नुसता कमरेचा केला तर दुखणं नजरेतून सुटतं. पाय दुबळे म्हणून कमरेचा फोटो काढला जातो, तो चांगला येतो आणि रुग्ण घरी जातो. आडव्या छेदात मज्जारज्जूच्या मागच्या भागात कौलारू छपरासारखा, उलट्या व्हीच्या आकाराचा पांढरा डाग दिसला की शंका उरत नाही. डाग नसेल तरी फुग्याचा इतिहास आणि तपासणी जुळत असेल तर उपचार करायचेच.

काही रुग्णांत मुंग्यांपेक्षा पायांचा दुबळेपणाच पुढे असतो आणि त्याला गिलाँ-बारे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) समजून महागडी इम्युनोग्लोब्युलिन दिली जातात. त्यात लाखो रुपये जातात, आणि तोवर मुलगा डिस्चार्ज घेऊन पुन्हा फुगा ओढायला मोकळा. पाय अचानक दुबळे झालेल्या तरुणाला पाठीतलं पाणी काढण्याआधी फुग्याचा प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं.

उपचारात पहिलं औषध गॅस बंद करणं, आणि हे आम्ही औषध म्हणूनच लिहितो. इंजेक्शन घेत घेत फुगा चालू ठेवला तर आज घातलेलं बी-12 शनिवारी गंजणार. पार्टीच्या आधी बी-12 टोचून घेतलं की काही होत नाही, असा सल्ला मुलं एकमेकांना देतात. तो साफ चुकीचा आहे, आणि त्याच्यावर विसंबून राहिलेल्यांचे पाय गेलेले असतात.

मग 1 मिलिग्रॅम बी-12 स्नायूत. हायड्रोक्सोकोबालामिन मिळालं तर ते, नाहीतर मिथाइलकोबालामिन किंवा सायनोकोबालामिन. सुरुवातीला रोज किंवा एक दिवसाआड, निदान दोन आठवडे आणि सुधारणा होत आहे तोवर. पुढे आठवड्याला एक, मग महिन्याला. गोळ्यांवर सुरुवातीला भिस्त ठेवत नाही. फॉलिक आम्ल लागलं तर बी-12 सुरू झाल्यावरच. आधी एकटं फॉलिक दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं दुखणं मात्र वाढतं. रक्त फारच कमी असेल तर पहिल्या आठवड्यात पोटॅशियमवर लक्ष ठेवायचं. जळजळीला रात्री गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिन, पण झेपेल तेवढंच, कारण त्यानेही तोल जातो.

होमोसिस्टीन वाढलेलं असताना रक्ताच्या गाठी होण्याचा धोकाही असतो, पायात, फुप्फुसात, मेंदूच्या शिरांत. एकच पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा एकाएकी दम लागला, तर लगेच डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, आणि पुढची तपासणी. इथे घरच्यांना हात जोडून सांगतो: सुजलेल्या पोटरीला तेल लावून रगडू नका. गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पुण्या-मुंबईला परतणाऱ्याने रातराणीत बारा तास पाय लोंबकळत ठेवून बसण्याआधी आम्हाला विचारावं.

फिजिओथेरपी पहिल्या दिवसापासून. हेन्रिख फ्रेंकेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशाच मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी बसवलेले व्यायाम आजही तेच आहेत. पायाची खबर मेंदूला मिळत नाही, तर डोळ्यांनी ती द्यायची. आधी झोपून, टाच गादीवर घासत ठरल्या खुणेपर्यंत न्यायची आणि थांबायचं. मग खुर्चीत बसून फरशीवर खडूने काढलेल्या आकड्यांवर पाऊल ठेवायचं. मग दांड्यांच्या मधून, समोर आरसा लावून चालायचं. मोजून आणि सावकाश, दहा-दहा मिनिटं दिवसातून तीनदा. थकवा आला की थांबायचं, कारण थकलेला पाय चुकीची सवय लावून घेतो. पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंट.

घरी काय करायचं ते घर बघून सांगावं लागतं. चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, तिथे एका बाजूला कठडा हवा. न्हाणीत स्टूल आणि भिंतीला दांडा. रात्रभर एक दिवा. अंगठ्याची चप्पल बंद, मागे पट्टा असलेली सँडल. तापलेल्या वाळूत अनवाणी नाही, पाय भाजला तरी कळणार नाही. रोज संध्याकाळी तळवे आरशात बघायचे, शिंपल्याची कापलेली जखमही कळत नाही. दुचाकी तर बिलकूल नाही. ब्रेकवर पाय आहे की नाही हे ज्याला बघावं लागतं त्याने चालवायची नसते.

काहींना भास होतात, संशय येतो, स्मरणशक्ती ढासळते. काहींना फुगा सुटतच नाही. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिथे व्यसनाचे उपचार होतात. फोनवर बोलायचं असेल तर 14416 वर टेलि-मानस आणि 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आईवडिलांनी मुलाला लाज आणून काही साधत नाही. तो फुगा लपवतो आणि मुंग्याही लपवतो, आणि आमच्याकडे महिनाभर उशिरा येतो.

सुधारणा आठवड्यांत दिसू लागते, पूर्ण व्हायला महिने लागतात. लवकर आलेले बहुतेक जण चालू लागतात. उशिरा आलेल्यांत काहींच्या पायांत बधिरपणा कायमचा उरतो. डिस्चार्ज कार्डावर वरच्या कोपऱ्यात लाल शाईने एक ओळ लिहितो: ‘या रुग्णाला भूल देताना नायट्रस ऑक्साइड देऊ नये.’ दाढ काढायला गेला, हाड मोडलं, काहीही झालं, तरी भूलतज्ज्ञाला ते कार्ड आधी दाखवायचं. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायला लावतो, कारण कागद पहिल्याच पावसात भिजतो.

तपासणीला परत आला की पुन्हा तोच ट्यूनिंग फोर्क, पुन्हा अंगठ्याच्या हाडावर. महिन्याने गुडघ्याला थरथर कळते, पुढे कधीतरी घोट्याला. अंगठ्याची संवेदना सगळ्यात शेवटी येते, आणि ती आली की नाही हे आम्ही त्याला डोळे मिटायला लावून दोनदा विचारतो.